मार्शा, कुलूप मीच घातलं

मार्शा,

आधी तू मला चार शिव्या घालून घे, मग मी बोलते. माझ्याकडून शिकलेल्याच घाल. तुझ्या जमैकातल्या घातल्यास तर मला कळायच्या नाहीत आणि तुझा राग फुकट जाईल.

तुला जाऊन अजून पंधरवडा झाला नाही. डेंग्यूनं माणसं जातात हे मी पेपरात वाचत होते, पण ती पेपरातली माणसं. तू तर तापानं फणफणलेली असतानाही मला नावं ठेवत होतीस. "वैनी, पेज लई पातळ केली, ही काय मानसाची पेज हाय का?" दवाखान्याच्या गाडीत चढताना वर ऑर्डर सोडलीस, रविवारसाठी राजमा भिजत घाल म्हणून. मी घातला गं. शनिवारी संध्याकाळी मोठ्या पातेल्यात घातला, आणि रविवारी पहाटे दवाखान्यातून फोन आला. तो राजमा दोन दिवस तसाच पाण्यात फुगत राहिला. शेवटी वास यायला लागला तेव्हा परसात नेऊन ओतला.

भाऊजी तुला "बाई" म्हणायचे आणि मला "वैनी", म्हणून तूही मला वैनीच म्हणायला लागलीस. सख्ख्या नात्यातल्या बायकासुद्धा मला अंगणवाडीची बाई म्हणून हाक मारतात, आणि तू कुठल्या कुठल्या बेटावरनं येऊन वैनी. सुरुवातीला मला राग यायचा. कोण कुणाची वैनी, म्हणायचे मी मनात.

तू आलीस तेव्हा आमचा गोठा रिकामा होता. जनावरं विकून झाली होती आणि आमच्या ह्यांनी जायच्या आधी त्यात फरशी घालून, मागं मोरी काढून, त्याची एक लांबलचक खोली केली होती. लवळ्यात कॅम्पस आल्यापासून सगळेच खोल्या काढत होते. तुझं शिक्षण संपलं होतं, हिंजवडीत नोकरी लागली होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. मारुंजीतले घरमालक फोनवर हो हो म्हणायचे आणि तू दारात उभी राहिलीस की त्यांच्याकडे एकदम पाहुणे यायचे असायचे. मी काही देवी नव्हते, मला भाडेकरू हवा होता. मी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मटण शिजवणार का?" तू म्हणालीस, "रोज." मला वाटलं चला, खोटं तरी बोलत नाही.

पहिल्या रविवारी तुझ्याकडे दोन पोरी आल्या, केस विणून घ्यायला. पुढच्या रविवारी ओट्यावर पाच जणी ओळीनं, एकीचं डोकं दुसरीच्या मांडीत. मग त्यांचे भाऊ, मित्र, मित्रांचे मित्र. केनियाची, टांझानियाची, सुदानची, नायजेरियाची, आणि तुझ्या बाजूच्या बेटांवरची दोन-चार. दारात चपलांचा नुसता ढीग. आत नारळाच्या दुधात शिजलेल्या राजमा-भाताचा वास, आणि टेबलावर त्या डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज. तुम्ही लोक सोंगटी ठेवत नाही, आपटता. मी एकदा येऊन ओरडले की टेबल मोडेल. तुझा तो मारुंजीचा विन्स्टन, ग्रेनाडाचा, एवढा मोठा कंपनीतला माणूस, तो मला म्हणाला, "वैनी, आवाज नाही तर गेम नाही." भाऊजी आधी कुंपणापलीकडून बघायचे, मग आत येऊन बघायला लागले, आणि वर्षभरात असे आपटायला लागले की आमच्या जाऊबाईंना वाटायचं घरात भांडणं चाललीत.

रिक्षावाले काय म्हणायचे ते तुला माहीत होतं. "काळ्यांचा गोठा." चांदणी चौकातून पोरं बसली की पत्ता विचारायचेच नाहीत. मी एकाची गचांडी धरली होती भर स्टँडवर, आठवतं? म्हटलं, "तुझ्या आईला कोन असं म्हनलं तर?" तू मला ओढून बाजूला घेतलंस आणि हसत होतीस. म्हणालीस, "वैनी, सोड. निदान रस्ता तरी बरोबर सांगतोय." तुझं ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं. कुणीतरी थोबाडीत मारावी आणि आपण त्याचं मनगट दुखलं का विचारावं, तसलं हसणं.

एका रविवारी तू मला जबरदस्तीनं पुण्याला नेलंस. म्हणालीस, "चल, आमची ठिकानं दाखवते." मला वाटलं चर्च-बिर्च असेल, म्हणून मी चांगली साडी नेसले. कॅम्पातल्या एका बोळात तू एका जिन्यापाशी उभी राहिलीस. वर हॉल होता, तिथं तुम्ही रविवारी गायचात. आता तिथं व्यायामशाळा होती, आतून लोखंड आदळल्याचे आवाज येत होते. मग एक दुकान. तिथं नायजेरियाची एक बाई केस करायची, दिवसभर बसावं लागायचं, आणि त्या दिवसभरात कुणाला खोली मिळायची, कुणाला नोकरी, कुणाला नवरा. तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली. दुकानदार म्हणाला, "बोलो मॅडम, कौनसा मॉडेल?" तू त्याच्याकडे बघत राहिलीस आणि उगीचच एक कव्हर घेतलंस, तुझ्या फोनला न बसणारं. मग नदीकडचं मैदान, शनिवारी तुमच्या फुटबॉलच्या मॅची व्हायच्या ते. त्याला पत्रे ठोकलेले, आत गाड्यांचं पार्किंग. प्रत्येक ठिकाणी तू फक्त "हितं" म्हणत होतीस. हितं आमी भेटायचो. हितं माझा वाढदिवस झाला. मी म्हटलं, "अगं, पण हितं काहीच न्हाई."

परत येताना बसमध्ये तू ते कव्हर हातात फिरवत बसली होतीस. मग म्हणालीस, "वैनी, आमी या गावात व्हतो, हे मी कुनाला कसं दाखवू?"

तिथून तो बोर्डाचा वाद सुरू झाला आणि तो काही मिटला नाही. जुन्या गव्हाणीची फळी तू घासून गुळगुळीत केलीस. तिच्यावर रंगानं "गोठा" लिहायचं आणि रस्त्याच्या बाजूला लावायची, एवढंच तुझं म्हणणं. मी नाही म्हटलं. समोर सोसायटी झालेली, तिथले लोक आधीच वाकडं तोंड करून गॅलरीत उभे राहायचे, गाण्याचा आवाज जरा वाढला की फोन करायचे. म्हटलं, "नाव लावलं की डोळ्यात येतं गं. बिनबोर्डाचं चाललंय ते चालू दे." तू चिडलीस. "लपून बसायचं तर मी भाडं कशाचं भरते?" मी म्हटलं, "भिंतीचं." आठ दिवस बोलली नाहीस. मग बोललीस, पण फळी उचलून ठेवली नाहीस, माझ्या डोळ्यासमोर राहील अशी दाराला टेकवून ठेवलीस. मार्शा, मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं.

त्या सुदानच्या पोराला भूगावच्या रस्त्यावर मारलं तेव्हाचं सांगते. काही कारण नव्हतं. गाडीला धक्का लागला का काहीतरी, चौघं उतरले आणि सुटले त्याच्यावर. तो पोलिसांकडे गेला नाही, दवाखान्यात गेला नाही, कॉलेजातही गेला नाही. भुवईतून रक्त गळत असताना रिक्षा करून सरळ गोठ्यावर आला. मी हळद घेऊन धावले, तर तू आधीच त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि तुझ्या भाषेत काहीतरी गुणगुणत होतीस. पोरगं तेवीस-चोवीसचं, पण रडत होतं लहान लेकरासारखं. त्या दिवशी मला कळलं की हा गोठा ह्यांच्यासाठी काय आहे. तोवर मी समजत होते, रविवारची मजा आहे.

त्याच सुमाराला आमच्याकडे बिल्डर यायला लागला. वरच्या प्लॉटांना रस्ता हवा होता आणि तो रस्ता नेमका गोठ्यावरून जात होता. जागा सामाईक, भाऊजींची आणि आमची; ह्यांच्या मागं आमची बाजू पोराच्या नावावर. भाऊजींचा मुलगा मागं लागलेला, माझा मुलगाही भूगावच्या फ्लॅटमध्ये बसून फोनवर मला शहाणपण शिकवत होता. तेव्हा भाऊजी सगळ्यांसमोर, तुझ्यासमोर म्हणाले, "बाई हाय तंवर गोठा हाय. मग बघू." तू केवढी खूश झालीस. त्यांना मिठीच मारायला निघालीस, भाऊजी पळाले घाबरून. आम्ही सगळे हसलो. तू माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, ठणठणीत; मला वाटलं, म्हणजे गोठा माझ्यामागंही राहणार. बाई असेतोवर, हा शब्द आपल्यापैकी कुणाच्याच कानाला खटकला नाही.

आता कुलपाचं सांगते.

तुला पुण्यातल्या दफनभूमीत ठेवून आलो. मी मूठभर माती टाकली. आमच्यात बायका जात नाहीत, पण मला अडवायची कुणाची छाती झाली नाही. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, अंघोळ करा आणि रोजच्या कामाला लागा, ती कोण लागत होती आपली. मी म्हटलं, "बहीन लागत व्हती. मी सुतक पाळनार." आणि पाळलं. चूल पेटवली नाही. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली. गोठ्यात तुझ्या पलंगाशेजारी जमीन पुसून घेतली, त्यावर पीठ पसरलं, वर दिवा ठेवला. आमच्याकडे असं करतात. त्या पिठात उमटतं म्हणे, गेलेलं माणूस पुढं कुठल्या जन्माला गेलं ते. पीठ कुणी तुडवू नये, कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून बाहेरून कुलूप लावलं. तेल घालायला तेवढं मी उघडायची. जे माझ्या आईसाठी केलं, ह्यांच्यासाठी केलं, ते सगळं तुझ्यासाठी केलं. एक गोष्ट कमी ठेवली नाही.

त्याच संध्याकाळी तुझी सगळी माणसं आली. टेम्पो करून आली गं. मोठी पातेली, तांदळाचं पोतं, कोंबड्या, डॉमिनोची पेटी, आणि तो भलामोठा स्पीकर. एक पोरगी तर हसत होती कशाला तरी. माझं डोकंच फिरलं. मी केस मोकळे, डोळे सुजलेले, अशी दारात उभी, आणि हे लोक माझ्या बहिणीच्या मयताला बाजा घेऊन आलेत. मी ओरडले. म्हटलं, "लाज हाय का न्हाई? बाई गेली आन् तुमाला कोंबडी सुचतीय? बंद हाय सगळं, निघा हितून." विन्स्टन पुढं येऊन काहीतरी सांगायला लागला. मी हातानंच जा म्हटलं. कुलपाकडे बोट दाखवलं. त्यांनी मग पातेली परत टेम्पोत चढवली. आमच्या आळीतले लोक दारात येऊन बघत होते.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी मनात म्हणत होते, बघ मार्शा, तू होतीस तोवर रविवारी पाय ठेवायला जागा नसायची, आणि आता दिव्याला तेल घालायलाही कुणी फिरकत नाही. चांगलीच तोंडदेखली निघाली तुझी माणसं. हे मी तुला बोलून दाखवलं, दिव्याशेजारी बसून. तू ऐकलं असशील तर काय वाटलं असेल तुला.

मग भाऊजी आले. खाली मान घालून ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "वैनी, पोरांनी सह्या केल्या. तुमच्या बी, माज्या बी. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी जेसीबी येतुया." मी म्हटलं, "भाऊजी, त्या लेकरांचं काय?" तर म्हणाले, "कुठली लेकरं? मानसं येत असती, जेवत-खात असती, तर मी कुठल्या तोंडानं हो म्हनलो असतो? पन बंदच हाय की. तुमीच कुलूप घातलं. मला वाटलं, वैनीच मोकळ्या झाल्या."

शब्द बाईपुरता दिला होता. बाई गेली. उरलेलं माझ्या कुलपानं सांगून टाकलं.

आठव्या दिवशी विन्स्टन आला, एकटा, डॉमिनोचं टेबल न्यायला. फाटकाच्या आत पाऊल टाकेना. हिंदीत म्हणाला, "वैनी, आपने निकाल दिया, हम समझ गए. बस टेबल दे दो." मी म्हटलं, "मी? मी कुनाला काढलं?" आणि मग त्यानं मला सांगितलं, तिथंच उभ्या उभ्या. तुमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या घराचं दार लावत नाहीत. नऊ रात्री ते घर भरलेलं ठेवतात. येईल त्यानं शिजवायचं, खायचं, गायचं, सोंगट्या आपटायच्या, गेलेल्याच्या गमती सांगून हसायचं, म्हणजे त्याला कळतं की आपली माणसं आहेत. सगळ्यात वाईट काय, तर गेलेल्याचं घर अंधारात आणि बंद. तेवढं फक्त कुणाचंच नसलेल्या माणसाचं होतं, म्हणाला.

मार्शा, तू मला एवढं सगळं शिकवलंस, राजम्यात आल्याचा तुकडा कधी टाकायचा इथपासून. हे का नाही सांगितलंस गं? मरणाचं बोलणं काढलं की मीच तुला गप करायची, म्हणून? आठ रात्री मी तुला कुणाचीच नसल्यासारखं ठेवलं. आणि मी समजत होते, मी बहिणीचं सुतक पाळतेय.

मी कुलूप काढलं. दिवा विझू दिला. पिठात काहीच उमटलं नव्हतं, एका कडेला मुंग्यांची रांग होती. केरसुणीनं सगळं गोळा केलं आणि विन्स्टनला म्हटलं, उद्या सगळ्यांना बोलाव, मी हात जोडते.

सगळे आले नाहीत. कॅम्पसमधल्या पोरींनी निरोप धाडला की त्यांना भीती वाटते. काहींनी फोनच उचलला नाही. टेम्पो भरून आली होती त्यातली मूठभर आली, तीही दबकत, फाटकात थांबून माझ्या तोंडाकडे बघत. तो सुदानचा पोरगा आला. मी त्याच्या हातात पातेलं दिलं आणि म्हटलं, "चल, पानी भर." सुतकातच चूल पेटवली मी, जाऊबाई बघत होत्या. आल्याचा तुकडा टाकला, मिरची अख्खी टाकली. दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. गाणी झाली, पण हळू. कुणी सोंगटी आपटली की लगेच माझ्याकडे बघायचं. मी म्हटलं, "आपटा की रे, आपटा!" आणि एक सोंगटी मीच आपटली. तुझी नक्कल केली एका पोरीनं, तू मला "वैनी, पेज" म्हणून कशी ओरडायचीस ती, आणि आम्ही सगळे हसलो. मला हसताना ऐकून कुंपणापलीकडे भाऊजी उठून घरात गेले.

अंधारून आलं तसा विन्स्टन उठला. म्हणाला, आता शेवटचं. नवव्या रात्री गेलेलं माणूस आपल्या घराला शेवटचं भेटायला येतं. आपण घरातलं सामान हलवून ठेवायचं, पलंगाची दिशा बदलायची, गादी उलटी करायची. म्हणजे ते येतं, घर ओळखत नाही, इथं माझं काही नाही असं समजतं आणि पुढं निघून जातं. नाहीतर इथंच अडकून बसतं.

मी म्हटलं, "हात लावू नका." पलंगावर जाऊन बसले. म्हटलं, "अडकली तर अडकू द्या. माझ्याच घरात अडकंल ना? मला पाहिजे ती." एक पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली, माझा हात धरला. आमच्याकडे दहाव्याला सोडायचं, तुमच्याकडे नवव्याला. एका दिवसासाठी मी भांडत बसले होते.

मग माझी नजर भिंतीकडे गेली. तिच्या बाहेरून, रस्त्याच्या बाजूला, बिल्डरची माणसं चुन्यानं रेघ ओढून गेलीत, कुठून पाडायचं त्याची. तुझ्या पलंगावरून सरळ जाते ती. मी उठले. विन्स्टनला म्हटलं, "तिकडून धर." एका टोकाला तो, एका टोकाला मी. उचलला पलंग आणि फिरवला. गादी मी एकटीनं उलटी केली. टेबल मोरीकडे नेलं, तुझे कपडे खुंटीवरून काढले, पडदे काढले, फोटो काढला. पोरांना म्हटलं, अजून हलवा, काही जागेवर ठेवू नका.

जा मार्शा. ओळखू नकोस. सोमवारी ते मशीन भिंतीला लागेल, तेव्हा तू इथं बसलेली मला नको आहेस.